सत्तरीचे हात, पन्नाशीचं इंजिन

पद्मिनीचं बॉनेट उघडून आत डोकावलं, तर इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. हात कोपरापर्यंत आत जातो. निसटलेला नट खणकन फरशीवर पडतो आणि सापडतो. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की दिसतं ते काळं प्लास्टिकचं झाकण. त्याखाली काय बिघडलंय हे कळायला स्कॅनर जोडावा लागतो. सत्तरी ओलांडलेली, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेली, एखाद्या गुडघ्याची वाटी बदललेली माणसं रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या फियाटशी झटापट करताना दिसतात, त्याचं पहिलं कारण या मोकळ्या जागेत आहे. ही यंत्रं मालकाला उघडता यावीत अशीच बनलेली होती, आणि ती उघडायला या पिढीला परिस्थितीने शिकवलं होतं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज-प्लिमथसारख्या अमेरिकन गाड्या जोडत असे. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मूळ रचना फारशी न बदलता ही गाडी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचा तो काळ. मिळालेली गाडी वीस-पंचवीस वर्षं पुरवायची, आणि बोरघाटात ती बंद पडली तर फोन करून कुणाला बोलवायची सोय नाही. म्हणून डिकीत पान्यांची पिशवी, जादा फॅनबेल्ट, पॉइंट, कंडेन्सर आणि पाण्याचा कॅन. डॉक्टर असो, प्राध्यापक असो की बँक मॅनेजर, गाडी बाळगणाऱ्याला निम्मं मेकॅनिकपण आपोआप चिकटायचं.

ती माणसं आता म्हातारी झाली आणि गाड्याही. घरातले म्हणतात, ‘आता पुरे, गॅरेजला द्या.’ हे म्हणणं चूक नाही, पण सरसकट बरोबरही नाही. वय नेमकं काय नेतं आणि काय ठेवतं, हे इंजिनाच्या एकेका कामाशी ताडून पाहिलं की उत्तर बरंच स्पष्ट होतं.

अर्ध्या मिलिमीटरचं काम

जुन्या पेट्रोल इंजिनाची निम्मी दुखणी ठिणगीशी निगडित असतात. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. प्लगच्या टोकांमधली फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते काम इग्निशन कॉइल करते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन छोटे धातूचे पॉइंट असतात. ते चिकटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं, त्या झटक्यात मोठा दाब निर्माण होतो आणि रोटर तो पाळीप्रमाणे एकेका प्लगला पोहोचवतो. पाळी ठरलेली असते : १-३-४-२. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. म्हणजे पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात.

पॉइंटची जास्तीत जास्त फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. पॉइंटची टाच मधल्या कॅमवर घासून झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. मग गाडी चढावर दम तोडते, मिसिंग मारते. ही फट नीट करायची तर आधी इंजिन हळूहळू फिरवून टाच कॅमच्या उंचवट्यावर नेमकी आणायची. पॉइंटवर काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने एक हलका हात फिरवायचा आणि कोरड्या कापडाने पुसायचं. बारका स्क्रू सैल करायचा, पण पुरता नाही. फिलर गेजची योग्य जाडीची पट्टी आत सरकवायची. ती अडकता कामा नये आणि सुळकन जाताही कामा नये. दोन्ही बाजूंनी किंचित घसटत गेली पाहिजे. स्क्रू आवळायचा आणि पट्टी पुन्हा घालून पाहायची, कारण आवळताना फट हटकून हलते. नवशिका इथेच फसतो. जुना माणूस फट किंचित जास्त ठेवून आवळतो, म्हणजे ती हवी तिथे येऊन बसते.

यातल्या एकाही पायरीला ताकद लागत नाही. प्लग काढून त्याचा रंग पाहण्यातही नाही. टोक बिस्किटी असेल तर ठीक, काळं काजळलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं भाजलेलं असेल तर कमी. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून टॅपेटची टकटक कुठल्या सिलिंडरवर आहे ते शोधणं, हेही स्पर्शाचं आणि सरावाचं काम. या युक्तीत कंप थेट हाडातून पोहोचतो. हे मात्र पंखा आणि बेल्टपासून दूर राहूनच करायचं.

वय काय काय नेतं

पहिली जाते नजर. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि साठीपर्यंत जवळचं पाहण्यासाठी आकार बदलण्याची त्याची क्षमता जवळपास संपते. शिवाय वीस वर्षांच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. म्हणून ‘दिसत नाही’ या तक्रारीचं निम्मं औषध चष्म्यात आणि निम्मं दिव्यात असतं. कपाळाला बांधायचा एलईडी दिवा या वयात चांगल्या पान्याइतकाच महत्त्वाचा. बायफोकलची अडचण वेगळीच. त्यात जवळचं पाहायचा भाग खाली असतो, कारण पुस्तक खाली धरतात. पण गाडीखाली आडवं झाल्यावर जवळची वस्तू डोळ्याच्या वर असते. मग माणूस मान मागे टाकून चष्म्याच्या खालच्या तुकड्यातून वर पाहू लागतो, मान आखडते आणि उठताना गरगरतं. दोष चष्म्याचा असतो, नाव मणक्याचं होतं. उपाय साधा आहे. हाताच्या अंतराचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यायचा. जवळचा नंबर वर आणि खाली दोन्हीकडे असलेल्या खास काचाही बनवून मिळतात.

त्यानंतर बोटं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा संधिवाताची आवडती जागा. चिमटीत धरायच्या प्रत्येक कामाचा भार कितीतरी पटींनी वाढून तिथे येतो. म्हणून बारीक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरपेक्षा जाड रबरी मुठीचा बरा, आणि उघड्या तोंडाच्या पान्यापेक्षा रिंग पाना किंवा रॅचेट बरं. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर दोन गोष्टी बदलतात. फिलर गेजची घसट नीट जाणवत नाही, आणि तापलेल्या सायलेन्सरला हात लागल्याचं उशिरा कळतं. पहिल्यासाठी दुसऱ्याचं बोट उसनं घेता येतं. दुसऱ्यासाठी इंजिन गार होईपर्यंत थांबावंच लागतं.

ताकदीचा प्रश्न मात्र बराचसा गणिताचा आहे. गंजलेला चाकाचा नट सुटायला १० किलोग्रॅम-मीटर इतका पीळ लागत असेल, तर २० सेंटिमीटरच्या पान्यावर ५० किलोंचा जोर द्यावा लागतो. दांडा ६० सेंटिमीटरचा केला की १७ किलो पुरतात. पान्याला पाईप लावायची गॅरेजवाल्यांची जुनी सवय म्हणजे हाच तरफेचा नियम. पण छोट्या बोल्टला लांब पाईप लावला तर तो तुटून आतच राहतो, तेव्हा तिथे आदल्या रात्री तेल पाजून ठेवणं हाच शहाणपणा. श्वास रोखून झटका द्यायचाच नाही. दम धरून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. सशक्त हृदयाला ते चालून जातं, दुखऱ्या हृदयाला नाही. जोर लावताना श्वास सोडत राहावं.

रक्तदाबाच्या काही औषधांमुळे वाकलेल्या किंवा आडव्या स्थितीतून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून गाडीजवळ एक बुटकं स्टूल हवं. आडव्याचं बसायचं, दोन मिनिटं पान्यांची आवराआवर करायची, मग उभं राहायचं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर हातमोजे टाळू नयेत, कारण पत्र्याच्या धारेने झालेली चीरही बराच वेळ वाहत राहते. हँडल मारून गाडी चालू करायची सोय ॲम्बेसेडरसारख्या जुन्या गाड्यांत होती. ते हँडल उलटा झटका देतं तेव्हा मनगटाचं हाड मोडू शकतं. हे इतक्या चालकांचं व्हायचं, की त्या हाडाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. हाडं ठिसूळ झालेल्या वयात हँडलला हात न लावलेलाच बरा.

आणि काय शिल्लक राहतं

१९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाउस यांनी १९ ते ७२ वर्षं वयाच्या टायपिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्कर टायपिस्टांची बोटं आणि प्रतिक्रिया सुट्या चाचण्यांत मंद निघाल्या. तरीही प्रत्यक्ष टायपिंगमध्ये ते तरुणांच्या मागे नव्हते, कारण त्यांची नजर मजकुरात अधिक पुढची अक्षरं वाचत होती. हात मंद झाल्याची भरपाई आधी विचार करून होत होती. जुन्या मेकॅनिकचंही तेच चालतं. तो पाना उचलायच्या आधी थांबतो. पेट्रोल येतंय का, करंट येतोय का, हवा जातेय का, या क्रमाने एकेक शक्यता खोडत जातो. तरुण माणूस तेवढ्या वेळात अर्धा कार्बोरेटर खोलून बसलेला असतो.

हाताने शिकलेल्या कामाची स्मृती नावं आणि तारखांच्या स्मृतीपेक्षा वेगळ्या वाटेने साठते आणि वयात जास्त टिकते. शेजाऱ्याचं नाव पटकन आठवत नाही, पण डिस्ट्रिब्युटरची टोपी कुठल्या बाजूने सुटते ते हाताला ठाऊक असतं.

स्वीडनमधल्या संशोधकांनी स्टॉकहोममधल्या साठ वर्षांच्या सुमारे चार हजार स्त्री-पुरुषांचा बारा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. व्यायाम वगळून रोजच्या हालचाली त्यांनी मोजल्या. त्यात घरातली दुरुस्ती, बागकाम आणि गाडीची देखभाल यांचीही नोंद होती. अशी कामं जास्त करणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचं सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गाडी दुरुस्त केल्याने आयुष्य वाढतं असं याने सिद्ध होत नाही, कारण मुळात धडधाकट माणसंच जास्त हालचाल करत असतील. पण दिवसभर खुर्चीत बसून राहणं हा सुरक्षित पर्याय नव्हे, एवढं त्यातून सूचित होतं.

एक हट्टी, एक नशीबवान

वय आणि आजार असूनही इंजिन न सोडणाऱ्यांत न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्याचं यंत्र मोटरसायकलचं, पण वेड तेच. जन्म १८९९ चा, गाव इन्व्हरकारगिल. १९२० मध्ये त्याने अमेरिकन बनावटीची इंडियन स्काउट विकत घेतली. मूळ वेग ताशी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. पुढची जवळपास पन्नास वर्षं तो घरच्या शेडमध्ये तिचं इंजिन बदलत राहिला. पिस्टन जुन्या डब्यांत धातू ओतून स्वतः घडवायचा, फुटले की पुन्हा ओतायचा. ६०० सीसीचं इंजिन वाढवत त्याने ९५० सीसीपर्यंत नेलं. छातीत दुखण्याचा विकार होता, तरी १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनविलच्या मिठागरावर त्याने हजार सीसीखालच्या गटात ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. २००५ मध्ये अँथनी हॉपकिन्सने त्याची भूमिका पडद्यावर केली.

दुसरं उदाहरण जे लेनोचं. अमेरिकेतला हा प्रसिद्ध विनोदवीर जुन्या गाड्यांचा मोठा संग्राहक आहे आणि त्या स्वतः दुरुस्त करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ७२ व्या वर्षी, तो १९०७ च्या एका वाफेच्या गाडीखाली आडवा होऊन चोंदलेली इंधनाची नळी मोकळी करत होता. पेट्रोल चेहऱ्यावर उडालं, जवळच्या ज्योतीने पेट घेतला आणि चेहरा, छाती, हात भाजले. शेजारी मित्र होता, त्याने लगेच आग विझवली म्हणून तो वाचला.

मन्रोची गोष्ट ऐकून छाती फुगते, पण रोजच्या उपयोगाची गोष्ट लेनोची आहे. त्याचा अनुभव, पैसा, उत्तम गॅरेज या सगळ्यांपेक्षा त्या क्षणी कामाला आला तो शेजारचा माणूस.

जिथे हट्ट चालत नाही

गाडी नुसत्या जॅकवर उचलून कधीही खाली शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नाही. सपाट जमीन, चाकांना लाकडी अडसर, दोन लोखंडी स्टँड आणि गाडी एकदा जोरात हलवून पाहणं, एवढं झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही.

बंद जागेत इंजिन चालू ठेवणं सगळ्यांना घातक, वयस्करांना अधिक. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना पीयूसी चाचणीत आयडलिंगवर ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची मुभा असते. म्हणजे पास झालेल्या गाडीच्या धुरातही तो भरपूर असतो. खरी गोम पुढे आहे. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं ही त्याची लक्षणं, आणि सत्तरीतला माणूस ती ‘बीपी वाढलं असेल, पित्त झालं असेल’ म्हणून झटकून टाकतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये ट्यूनिंग करायचंच नाही. गाडी उघड्यावर आणायची.

पेसमेकर बसवलेल्यांनी चालू इंजिनाच्या कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींपासून छाती निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवावी, असं साधारणपणे सांगितलं जातं. आपल्या यंत्रासाठीचं नेमकं अंतर डॉक्टरांना विचारून घ्यावं. बंद इंजिनावर पॉइंट सेट करायला अडचण नाही, पण चालू इंजिनावर ओणवं होऊन टायमिंग जुळवणं दुसऱ्याच्या हाती सोपवावं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.

गाडीचीही वयोमानाची दुखणी आहेत. शिशाचं पेट्रोल देशात फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं, भेगाळवतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि इंधनाच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घेतल्या नाहीत, तर पेट्रोल गळतं आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. गाडी ‘आत्तापर्यंत नीट चालली’ हा पुरावा इथे कामाचा नाही, कारण इंधनच बदललं आहे.

सोबत आणि वारसा

ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात ‘मेन्स शेड’ ही कल्पना रुजली. निवृत्त पुरुषांनी एका शेडमध्ये जमायचं, सुतारकाम करायचं, यंत्रं दुरुस्त करायची. समोरासमोर बसून मन मोकळं न करणारी माणसं खांद्याला खांदा लावून काम करताना बोलती होतात, हे तिथे ध्यानात आलं. आज त्या देशात अशा शेड हजाराच्या घरात आहेत. आपल्याकडे त्याच जातीची सोबत मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांच्या रॅलींच्या तयारीत मिळते. कुणाकडे सोलेक्स कार्बोरेटरचं जेट शिल्लक असतं, कुणाला जुन्या बाजारातला नेमका गाळा ठाऊक असतो. एकाच्या गुडघ्याचा हिशेब दुसऱ्याच्या पाठीने चुकता होतो.

या छंदाला आता कायद्याचीही चौकट आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं यांसाठी चालवता येते. १९७५ ची फियाटही आता या वयात बसते. पण गाडीची नोंदणी झाली तरी हातातलं ज्ञान कुठल्या वहीत नोंदलं जात नाही. ते पुढच्या पिढीला बघूनच घ्यावं लागतं. म्हणून लेक म्हणते, ‘बाबा, जॅक मी लावते, तुम्ही स्टुलावर बसून सांगा’, तेव्हा रुसण्यात अर्थ नाही. तिने बोल्ट सोडले आणि बाबांनी कुठला आधी, कुठला नंतर ते सांगितलं, तर त्या रविवारी दोन मेकॅनिक तयार असतात.

तेव्हा भांडण ‘करायचं की सोडायचं’ याचं नाहीच. कामांची वाटणी करायची आहे. गिअरबॉक्स उतरवणं, क्लचप्लेट बदलणं, गाडीखालची कामं, बॅटरी उचलणं हे तरुण पाठीच्या माणसाला किंवा गॅरेजला द्यावं. पॉइंट, प्लग, कार्बोरेटर, टॅपेट आणि मुख्य म्हणजे निदान आपल्याकडे ठेवावं. पहिल्या यादीतली कामं पैसे मोजून कुठेही करून मिळतात. दुसऱ्या यादीतली नीट करणारा गॅरेजवाला आता शोधावा लागतो, आणि बरेचदा तो शोधणारे लोक फिरून या पार्किंगमधल्या आजोबांच्याच दारी येतात.